झाड मोठं देखणं हो!

...नाही, पण मला एक सांगा, ऊन ही काय शेजाऱ्याकडे मागायची वस्तू आहे का हो? साखर मागतो माणूस, शिडी मागतो, घरी चार माणसं आली तर दोन खुर्च्या मागतो... पण ऊन? "अहो, जरा वाटीभर ऊन द्या, आमच्याकडचं संपलंय," असं म्हणू दारात उभा राहून? ह्या वयात? आणि तुम्हाला सांगतो, वेळ तीच आली होती! कोणामुळे? हिच्यामुळे! ही, ही जीभ! दात पडले सगळे, हिला काही होत नाही! त्या दिवशी टाळ्याला चिकटून बसली असती तर आज मी मजेत उन्हात पाय पसरून बसलो असतो. पण नाही... बोललो ना मी... "झाड मोठं देखणं हो!"

थांबा, नीट सांगतो. आमच्या घरामागे एवढीशी बाग. बाग म्हणजे काय, दोन खाटा टाकल्या की संपली. पण आमच्या हिचा... बायकोचा हो, दुसरं कोण असणार!... तिचा सगळा जीव तिथे. टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर, एक गुलाब, तोही काटेच जास्त असलेला. हिचे गुडघे धरलेत. डॉक्टर म्हणाले, सकाळचं ऊन घ्या. मग काय, ही लाकडी स्टूल घेऊन वाफ्याच्या कडेला बसणार, पाय उन्हात, हात मातीत आणि तोंड माझ्यावर सुटलेलं! "अहो, झारी आणा. अहो, ही नव्हे. अहो, पाणी घातलंत की आंघोळ घातलीत त्या मिरचीला?" सुख होतं हो. तेव्हा कळलं नाही, पण सुख होतं.

भिंतीपलीकडे कंपाउंडर राहतो. दवाखान्यात गोळ्या बांधून देतो म्हणून सगळी गल्ली कंपाउंडरच म्हणते. माणूस इतका गरीब स्वभावाचा, इतका गरीब, की मंगळवारी मी म्हटलं, "काय रे, आज रविवार ना?" तर म्हणेल, "हो काका, तुम्ही म्हणताय तर असेल!" आणि घरी बसेल! बसला होता एकदा! त्याची बायकोही तशीच, भली पोर. अशा माणसांशी भांडायचं तरी कसं? भांडायला समोरून काहीतरी आलं पाहिजे ना? उशीवर बुक्की मारल्यासारखं सगळं.

आणि त्यांच्या अंगणात, अगदी आमच्या भिंतीला खेटून, ते झाड. कसलं झाड? मला नका विचारू. ना फळ, ना फूल, ना वास. नुसता पाला! आधी भिंतीवरून डोकावलं, पोर डोकावतं तसं. मी म्हटलं, डोकावू दे बापडं. मग खांदे आले. मग हात पसरले. बघता बघता आमच्या बागेवर छत्रीच उघडली की हो त्यानं! टोमॅटो बिचारे माना लांब करकरून ऊन हुडकायला लागले. ह्या एवढाल्या काठ्या, नि वर गोटीएवढा टोमॅटो. तोही हिरवाच! एवढं होऊन लाजला नाही कधी!

आणि ही? ही स्टूल घेऊन उन्हाच्या मागे मागे. आधी नळापाशी. मग कपड्यांच्या दोरीखाली. मग मोरीच्या कोपऱ्यात. शेवटी ऊन उरलं ते एवढं, ताटाएवढं, मोरीच्या पायरीवर. त्याच्यात दोन गुडघे मावेनात! मग आधी डावा गुडघा, मग उजवा. पाळीपाळीनं! हसताय काय? मी पण हसलो होतो. म्हटलं, "अगं, दोघांत भांडणं नाहीत ना होत?" तर तिनं माझ्याकडे बघितलं... ती ओरडते ना, तेव्हा मला भीती नाही वाटत. पण ती हळू बोलली.

"अहो, त्या झाडाचं काय ते बघा. नाहीतर मी चालले लेकीकडे. तिच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं."

"किती दिवस राहशील?"

"ऊन आहे तोवर."

आता बोला! सूर्य काय रिटायर होणार आहे? लग्न झाल्यापासून ही मला सोडून कुठे राहिलेली नाही हो. कुरकुरली, आदळआपट केली, भांडी बडवली, पण गेली नाही. मी आयुष्यभर रंगारी. लोकांची घरं उजळली. लिहिण्यावाचण्याचं म्हणाल तर सही येते, तीसुद्धा दर वेळी निराळी. डब्यांवर हिनं चिठ्ठ्या चिकटवल्यात, त्याचा मला काय उपयोग? ही गेली तर मला मीठ कोण दाखवणार? चहात काय पडेल सांगता येत नाही! आणि चहाचं सोडा... झारी चुकीची आणली हे कोण सांगणार मला?

तर निघालो. बोलायचंच असं ठरवून निघालो. आता बघा, तक्रारीची पण एक रीत असते. दारात जाऊन धाडकन "झाड तोडा" असं काय माणूस म्हणतो? आधी पाणी प्यायचं. मग तब्येत विचारायची. मग त्यांच्या घरातल्या कशाचं तरी कौतुक करायचं. आणि मग हळूच... "बाकी सगळं झकास आहे हो, पण..." तो "पण" महत्त्वाचा! बाकीचं सगळं त्या "पण"साठी! खिशात चांगला धार लावलेला "पण" घेऊन मी गेलो.

जातो तर काय, पायरीवर एक पाहुणा! बशीत चहा ओतून फुर्र फुर्र पितोय. आता परक्या माणसासमोर भांडण काढायचं कसं? शोभतं का? म्हटलं, आज कौतुकाचं माप जरा जास्त टाकू, "पण" नंतर काढू. घरभर नजर फिरवली. कौतुक करावं असं काही दिसेल तर शपथ! खुर्ची मोडकी, पडदा फाटका, भिंतीचा रंग तर बघवत नव्हता... तो मीच दिलेला. मग खिडकीतून ते दिसलं. आणि तोंडातून निघून गेलं हो... "वा! झाड मोठं देखणं हो!"

झालं! कंपाउंडर ताडकन उठला. बायकोला म्हणतो, "बघ! मी म्हणत नव्हतो?" त्याची बायको माझ्याजवळ आली, डोळे एवढे मोठे करून, "काका, खरंच आवडतं तुम्हाला?" आता पाहुणा माझ्या तोंडाकडे बघतोय. काय सांगू? म्हटलं, "आवडतं म्हणजे काय पोरी! सकाळी उठून आधी त्याचंच तोंड बघतो मी!" आणि ह्यात एक शब्द खोटा नव्हता, तुम्हीच सांगा!

ती पायरीकडे वळली. म्हणते कशी, "दादा, राहू द्या मग. चहा तेवढा घेऊन जा. आम्हाला वाटलं काकांना त्रास होत असेल, म्हणून तुम्हाला बोलावलं होतं."

पाहुणा उठला. दारामागे हात घातला. आणि काढली... करवत! ही एवढी! वर खांद्यावर दोराचं वेटोळं! झाड तोडणारा होता हो तो! माझंच काम करायला आला होता! चहा पिऊन चढणारच होता! माझा "पण" इथे, ह्या घशात, आडवा. वर येईना, खाली जाईना. तो झाडतोड्या जाताना माझ्या कानाशी वाकून म्हणतो, "आजोबा, जरा बोळात रेंगाळून आला असतात तर माझी मजुरी बुडली नसती..."

घरी आलो. ही दारातच. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"...फार खूश झाले."

तुम्हाला सांगतो, माणसानं विहिरीत पडावं, पण कौतुकात पडू नये. विहिरीतून निदान ओरडता तरी येतं!

बरं, मी गप्प बसणारा आहे का? सरळ रस्ता बंद झाला की माझं डोकं वाकड्यात फार चालतं. जुन्या कपाटाचा आरसा होता, माणूसभर उंच. चढवला गच्चीवर. टाकीच्या पाइपाला सुतळीनं आवळला. म्हटलं, वर ऊन आहे ना? मग तिथलं ऊन पकडायचं, वाकवायचं आणि फेकायचं बागेत, टोमॅटोच्या टाळक्यावर! काय डोकं आहे, वा! मीच माझी पाठ थोपटली. ही खाली स्टूल घेऊन तयार. "आलं का गं?" "नाही." "आता?" "अहो, नाही." "आता?" "अहो, ते भिंतीवरून पलीकडे गेलं!"

सुतळीच ती! आरसा कलला, आणि ऊन झाडाखालून सरळ घुसलं कंपाउंडरच्या स्वयंपाकघरात! मी म्हटलं, बरं झालं, आता डोळे दिपतील, भांडायला येतील, भांडण निघालं की माझा "पण" काढतो बाहेर. आलीच ती धावत. हात पिठाचे, आणि चेहरा असा... "काका! किती हो तुमची माया! झाडामुळे आमच्या स्वयंपाकघरात अंधार असतो, दिवसाढवळ्या दिवा लावते मी, हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही आमच्यासाठी ऊन पाठवलंत? झाडही राखलंत आणि ऊनही दिलंत!"

मी गच्चीवर. हातात सुतळी.

दुसऱ्या दिवसापासून नोकरी लागली हो मला! रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक, "काका, जरा ओट्याकडे फिरवा ना!" फिरवला. "आता जरा डावीकडे, तांदूळ निवडायचेत!" फिरवला. एकदा ढग आले, तर म्हणते, "आज सुट्टी वाटतं काका?" आणि खाली आमची ही, मोरीच्या पायरीवर, एक गुडघा उन्हात, एक सावलीत, वर बघतेय माझ्याकडे. नुसती बघतेय. मी लोकांना ऊन वाटतोय आणि माझी बायको अंधारात! का? तर म्हणे... झाड मोठं देखणं हो!

मग ठरवलं. बास झालं. आता रीत नको, पाणी नको, कौतुक नको. गेलो आणि दोघांच्या तोंडावर सांगितलं, "हे बघा, तुमचं झाड मला मुळीच आवडत नाही! त्यानं आमचं सगळं ऊन खाल्लंय! माझी बायको मला सोडून निघालीय त्याच्यापायी! आजच्या आज तोडा!"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, लागलं बाबा वर्मी. आणि मग कंपाउंडर जो फुटला... ख्या ख्या ख्या! भिंतीला टेकला हो हसता हसता! "काका, तुम्ही म्हणजे ना!" त्याची बायको पदरानं डोळे पुसतेय, "अगं बाई! झाड म्हणजे काकूंची सवतच झाली म्हणायची!" मी म्हटलं, "अरे, खरं सांगतोय रे!" "बघा बघा, चेहरा बघा कसा केलाय!" मी पाय आपटला. ते आणखी हसले. माझ्या डोळ्यात पाणी आलं. खरं पाणी! तर म्हणतो, "हे कसं जमतं हो काका तुम्हाला? नाटकात जायला हवं होतं!"

आता ह्याला काय करायचं? थापा मारतो तेव्हा रविवार धरून घरी बसतात, आणि पोटातलं बोललो तर टाळ्या!

घरी आलो तर हिची पिशवी भरलेली. दोन लुगडी, गुडघ्याचं तेल आणि ते स्टूल. स्टूल बघितलं आणि मी समजलो, ही चार दिवसांसाठी नाही चालली. पिशवी उचलली नि मागे चालायला लागलो, रिक्षापर्यंत पोचवायला. दुसरं काय करणार? ती पुढे, लंगडत, स्टूल काखेत. मी मागे. कंपाउंडरच्या फाटकाशी त्याची बायको उभी. "काकू, एवढ्या सकाळी कुठे निघालात?"

ही थांबली. म्हणाली, "उन्हाला."

"म्हणजे?"

"तुमच्या झाडानं आमचं ऊन गेलं. गुडघे शेकायला लेकीकडे निघालेय."

बास! एवढंच! ना कौतुक, ना पाणी, ना पाय आपटले. आणि त्यांना पटलं! लगेच! कंपाउंडर पांढराफटक. हात जोडून उभा. "काकू, चुकलं हो आमचं, आधी का नाही सांगितलंत? काका तरी बोलले असते!" माझ्याकडे बघतात दोघं. मी काय... मी पिशवी धरून उभा, तोंड उघडं. ही म्हणते, "ते? ते कधी खरं बोललेत?"

पिशवी परत आली हो! माझ्या हातातून कंपाउंडरनं ओढूनच घेतली. "उद्याच्या उद्या फांद्या उतरवतो काकू, तुम्ही कुठेही जायचं नाही!" मी मनात म्हटलं, सुटलो! आणि तेवढ्यात तो थांबला. डोकं खाजवलं. हळूच म्हणतो, "पण..."

माझा हरवलेला "पण" त्याला सापडला बघा!

"पण काकांचं काय? त्यांचा जीव आहे हो त्या झाडावर."

दुसऱ्या दिवशी झाडतोड्या आला. तोच. मला बघून मान डोलावली, जसं काही आमचं जुनं नातं. ही त्यांच्या अंगणात स्टूल टाकून बसली, समोरून बघायला. मी म्हटलं, मी पण बघतो! तर कंपाउंडरनं माझे खांदे धरले. "नको काका. तुम्हाला नाही बघवणार. आत बसा." आणि मला खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली हो! कडी! माझ्याच घरात, मलाच कोंडलं! वर दाराला तोंड लावून म्हणतो, "काका, धीर धरा!"

मी आत. बाहेर करवत. खर्र... खर्र... खर्र... आणि धप्प! पहिली फांदी पडली. अहाहा! काय आवाज तो! पुन्हा खर्र खर्र... धप्प! मला राहवेना हो. आतून हसू उसळायला लागलं. मोठ्यानं हसलो तर ऐकू जाईल, म्हणून पलंगावर पालथा पडलो, उशीत तोंड खुपसलं आणि हसलो! अहो, असा हसलो... खांदे गदागदा हलतायत, नाकातून आवाज येतोय, पाय झाडतोय. धप्प! की आणखी एक उमाळा!

आणि करवत थांबली.

मला वाटलं, चहा घेत असतील. अहो कसला चहा! खिडकीत तिघं उभे, त्यांच्यामागे ही! पाठमोरा मी, उशीत तोंड, खांदे हलतायत... झाडतोड्या म्हणतोय, "आजोबा फार रडतायत हो. मला नाही व्हायचं पुढचं काम." कंपाउंडरची बायको मुसमुसतेय. कंपाउंडर कसाबसा म्हणतो, "एक बाजू झालीय. आमच्याकडची. आता काकांच्या बाजूची..."

आणि आमची ही म्हणाली, मी माझ्या कानांनी ऐकलं, "राहू द्या. ह्यांची बाजू राहू द्या."

कडी निघाली. ही आत आली. पलंगावर बसली. माझ्या डोक्यावर हात ठेवला... अहो, त्या डोक्यावर तिचा हात शेवटचा कधी पडला होता, मला आठवत नाही. म्हणाली, "लेक सासरी गेली तेव्हासुद्धा नाही रडलात. एवढा जीव होता, तर सांगायचं होतंत ना मला. मी मेली आपली गुडघे गुडघे करत बसले."

आता तुम्ही सांगा! तुम्ही, तुम्ही, ते मागे चष्मा पुसतायत ते पण सांगा! ह्या वेळी मी म्हणू, "अगं, हसत होतो"? म्हणू? तिचे डोळे भरलेले, हात डोक्यावर, बाहेर तिघं गहिवरलेले... म्हणू शकतो माणूस? मी उशी खाली केली. डोळे लाल झालेलेच होते हसून. खिडकीबाहेर बघितलं. आणि काय म्हणालो असेन? तेच! "काय करू गं... झाड मोठं देखणं हो!"

झालं! कायमचा अडकलो.

आता कसं आहे बघा. झाडाची पलीकडची बाजू साफ बोडकी. कंपाउंडरच्या अंगणात ऊन म्हणजे नुसतं सांडलंय! आणि अलीकडची बाजू? सगळी शाबूत! तिकडचं जेवण पण आता हीच बाजू जेवते, दुप्पट माजलीय! आमचे टोमॅटो कुंड्यांतून पलीकडे गेले. ही स्टूल घेऊन रोज पलीकडे जाते. लेकीकडे नाही गेली, तेवढं खरं, भिंतीपर्यंतच गेली! दोन्ही गुडघे एकदम उन्हात. टोमॅटो लालबुंद. मी ह्या बाजूला, अंधारात, एकटा. तिकडून आवाज येतो, "अहो, झारी द्या भिंतीवरून! अहो, ही नव्हे!"

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, तू पण जा की तिकडे उन्हात! जाऊ देतात का? गेलो होतो. तिघांनी हाताला धरून परत आणून सोडला. "काका, तुम्ही तुमच्या झाडाखाली बसा. आमच्यासाठी मन मारू नका!"

आणि परवा काय झालं, हिला माझी दया आली. गच्चीवरचा आरसा तिनं कंपाउंडरला सांगून पलीकडे नेऊन ठेवलाय, त्यांच्या ओट्याला टेकून. तिकडून मला ऊन पाठवते. रोज. बशीएवढं. बरोब्बर टकलावर येतं हो! ओरडते, "लागतंय का?" मी म्हणतो, "लागतंय!" "बरं वाटतंय ना?" म्हटलं, "बरं वाटतंय गं!"

बसतो तसाच. हलायची सोय नाही, हललं की ऊन जातं. मान वर करून त्याच्याकडे बघत बसतो. दुसरं बघायला आहेच काय? पाला हलतो, मधूनच एखादी खार पळते... आणि आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका, कोणी विश्वास ठेवणार नाही ते सोडा... पण खालून नीट बघितलं ना... झाड मेलं खरंच मोठं देखणं आहे हो!